एकाच मुहूर्ताची दोन लग्नं

पहिला आवाज आला तेव्हा मला वाटलं, नारळ पडला. दुपारचं जेवण होऊन आम्ही नुकते आडवे झालो होतो. खोलीच्या मागे माडांची रांग होती आणि मालकांनी आल्याआल्याच बजावलं होतं, की माडाखाली बसू नका. दुसरा आवाज आला तेव्हा रमाकांत उठून बसले. तिसऱ्यानंतर कुणीतरी श्वास आत ओढल्याचं ऐकू आलं, अगदी आमच्या उशाशी.

दोन खोल्यांमधली भिंत कमरेपर्यंत चिऱ्याची होती आणि वर नुसतं प्लायवूड, त्यावर निळा रंग. पलीकडे एक पुरुष बोलत होता. आवाज चढलेला नव्हता. दुकानात भाव विचारावा तसं तो विचारत होता, "गाडीच्या खिडकीतून कुणाकडे बघत होतीस?" मग पुन्हा तोच नारळ पडल्यासारखा आवाज, आणि त्यापाठोपाठ काचेच्या बांगड्या फुटून फरशीवर पडल्या.

रमाकांत दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसले होते. मी त्यांना दबक्या आवाजात सांगितलं, की आपण यात पडायचं नाही, दोन दिवसांसाठी आलोय, सुखानं राहू. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, घाबरले.

ही शहाण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी इस्लामपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते आणि माझे यजमान रमाकांत तिथल्याच एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचे. आमच्या लग्नाला दहा वर्षं होत होती. सात वर्षांच्या जुईला माझ्या आईकडे ठेवून आम्ही पहिल्यांदाच दोघंच कुठेतरी निघालो होतो. रत्नागिरीच्या खाली समुद्राकाठच्या एका गावात बापू शेट्ये नावाच्या गृहस्थांनी आपल्या बागेत सहा खोल्या बांधून 'रिसॉर्ट' अशी पाटी लावली होती. गावाचं नाव मी सांगत नाही. बापू आता नाहीत, पण त्यांची मुलं अजून तो धंदा चालवतात.

रमाकांत कसे होते ते सांगायला हवं. त्यांच्या शाळेत छडी न वापरणारे मास्तर ते एकटेच. त्यांच्या तासाला मुलं बाकांवर उभी राहायची, एकमेकांच्या शर्टांवर रंग उडवायची आणि हे फळ्याशी उभे राहून शांतपणे चित्र पुरं करायचे. घरातही आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं. माझे भाऊ त्यांना पाठीमागे गोगलगाय म्हणत. मला राग यायचा. खरं सांगायचं तर भावांचा यायचा तेवढाच यांचाही यायचा. एकदा सांगलीच्या एसटीत एक माणूस मुद्दाम मला चिकटून उभा राहिला. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी उठून मला आपली जागा दिली आणि स्वतः आमच्या दोघांच्या मध्ये उभे राहिले. त्या माणसाला एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर मी दोन दिवस अबोला धरला होता.

त्या संध्याकाळी सातच्या सुमारास बापूंनी अंगणात टेबल मांडलं आणि आम्हाला बोलावलं. शेजारच्या खोलीतल्या जोडप्यालाही बोलावलं. दोन्ही जोडप्यांनी खोली घेताना लग्नाचा वाढदिवस असल्याचं कळवलं होतं. तारीख एक, वर्षही एक. बापूंना त्याचं फार कौतुक वाटलं होतं. त्यांनी रत्नागिरीहून केक आणवला होता आणि त्यावर चौघांची नावं घातली होती: रमाकांत-सुलभा, जयवंत-शोभना.

जयवंत नगरकडचा. त्याचा खडी क्रशरचा धंदा होता. उंच, गोरा, रुबाबदार, आणि बोलायला इतका मोकळा, की दुपारी प्लायवूडपलीकडे ऐकलेला आवाज याचाच, हे मला स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं. त्यानं मुहूर्त विचारला. दुपारचा बारा पस्तीसचा. त्यांचाही तोच निघाला. त्यानं यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, की मग आपण मुहूर्तभाऊ झालो. बापू हसले, मीही हसले.

शोभना सावळी, बारीक अंगाची होती. उकाडा असूनही तिनं मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाऊज घातलं होतं. उजव्या हातात बांगड्या होत्या, डाव्या हातात एकही नव्हती. कुणी काही विनोद केला, की ती सगळ्यांच्या मागून हसायची, आधी नवऱ्याकडे बघून.

माशांच्या वासानं एक कुत्री टेबलाखाली आली. जयवंतनं बोलता बोलता, बोलणं न तोडता, बूट घातलेल्या पायानं तिच्या बरगड्यांत लाथ घातली. कुत्री ओरडलीसुद्धा नाही, नुसती फेकली गेली आणि तीन पायांवर अंधारात गेली. त्यानं हातातला माशाचा तुकडा शोभनाच्या तोंडापुढे धरला. ती खायला उशीर करतेय असं बघून त्यानं तिची हनुवटी दोन बोटांत पकडली आणि तोंड उघडलं. दिसायला ते लाडानं भरवणंच होतं. बापूंच्या बायकोनं तर टाळ्या वाजवल्या.

केक कापून वाटल्यावर रमाकांतांनी एकदम शोभनाला विचारलं, "वहिनी, तुमच्या हाताला लागलंय का?"

सगळेच थांबले. जयवंतनं रुमालानं तोंड पुसलं.

"मास्तर, तिचं दुखलंखुपलं बघायला मी आहे ना. तुम्ही केक खा."

त्याच वेळी शोभनाच्या हातातला चमचा बशीत पडला. मी खाली पाहिलं. जयवंतच्या बुटाची टाच तिच्या अनवाणी पायाच्या बोटांवर होती आणि तो ती सावकाश फिरवत होता, विडी विझवतात तशी. वर त्याचा चेहरा हसरा होता. शोभनाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती म्हणाली, की मिरची लागली. ताटात तेव्हा फक्त केक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंत पोहायला गेला. आमच्या दोन खोल्यांना एकच पायरी होती, तिच्याशी पायांवरची वाळू धुवायला नळ आणि एक जड लोखंडी बादली. शोभना तिथे पाय धूत बसली होती. दोन बोटांची नखं काळी पडली होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"काल ऐकू गेलं असेल तुम्हाला," तीच म्हणाली. "भिंत पातळ आहे."

मी विचारलं, की घरी कुणी नाही का सांगणारं.

"घरी सासूबाई आहेत. त्या मध्ये पडतात. एकदा त्यांनाच लागलं, तेव्हा त्यांनी पोराला शपथ घातली. तेव्हापासून घरात ते बोटसुद्धा लावत नाहीत. आईचा शब्द मोडत नाहीत." तिनं बादलीतलं पाणी पायावर ओतलं. "म्हणून वर्षातून एकदा बाहेर आणतात. वाढदिवसाला."

मला आधी कळलंच नाही.

"वर्षभराचं लक्षात ठेवतात ते," ती म्हणाली. "जूनमध्ये मी भाजीवाल्याशी हसून बोलले होते. दिवाळीत न विचारता भावाला फोन केला. असं एकेक. इथे कुणी ओळखीचं नसतं ना."

ती हे रडून सांगत नव्हती. आमच्या एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडताना आम्ही नंबर सांगायचो तसं सांगत होती. मग तिनं माझा हात धरला आणि विनवलं, की काही करू नका, उद्या सकाळी निघायचंय, आजचा दिवस गेला की पुढच्या वर्षापर्यंत काळजी नाही. समुद्राकडून जयवंत येताना दिसला तशी हात सोडून आत गेली.

मी हे सगळं रमाकांतांना सांगितलं. ऐकून ते तडक बापूंकडे गेले. बापू भला माणूस, पण धंदा नवा होता. त्यांनी समजावलं, की नवरा-बायकोचं आहे मास्तर, बाईनं स्वतः तक्रार केल्याशिवाय पोलीस तरी काय करणार, आणि ठाणं इथून अठरा किलोमीटरवर. यांनी त्यांना फार वेळा विचारलं, की निदान त्यांना निघून जायला सांगता का. बापू म्हणाले, की इथून गेले तर दुसऱ्या कुठल्या खोलीत जातील, तिथे तरी काय वेगळं होणार. ते परत आले आणि खाटेवर बसले.

दुपारी चारला सुरुवात झाली.

आता काय होतंय ते ठाऊक असल्यानं नारळाचा भास व्हायचं कारण नव्हतं. चामड्याचा पट्टा होता. एक फटका, मग जयवंतचा आवाज: "जून." मग दुसरा. मग पुन्हा, "गणपतीत माहेरी किती दिवस म्हणालीस आणि किती राहिलीस?" शोभना उशीत तोंड खुपसून कण्हत असावी, कारण आवाज कापडातून येत होता. एकदा काहीतरी प्लायवूडवर आपटलं आणि आमच्या बाजूचा आरसा खिळ्यावर हलला.

रमाकांत कानांवर हात ठेवून बसले होते. त्यांना तसं बघून माझं डोकं फिरलं. आदल्या दिवशी यात पडू नका असं मीच सांगितलं होतं, ते मी विसरले. एसटीतला तो माणूस आठवला, भावांचं हसणं आठवलं. मी म्हटलं, "असेच बसा बायकांसारखे कान झाकून. दुसरा कुणी पुरुष असता तर एव्हाना उठला असता."

त्यांनी कानांवरून हात काढले.

"सुलभा, मला पाठवू नकोस," ते म्हणाले.

त्या बोलण्याचा मला जो अर्थ वाटला तो मी घेतला. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी जाते, आणि दाराकडे निघाले. त्यांनी मला दंडाला धरून बाजूला केलं, हळूच, आणि अनवाणी बाहेर गेले. मी मागोमाग गेले.

शेजारचं दार त्यांनी वाजवलं. जयवंतनं उघडलं. अंगात बनियन नव्हतं, घामानं अंग चमकत होतं, पट्टा मुठीला गुंडाळलेला होता. त्याच्या खांद्यावरून मला शोभना दिसली. ती खाट आणि भिंत यांच्यामधल्या जागेत बसली होती, पाठ उघडी होती. ती पाठ मी एकदाच पाहिली आणि नजर काढून घेतली.

"बस करा," रमाकांत म्हणाले.

जयवंत थकल्यासारखा हसला. त्यानं मोकळा हात यांच्या खांद्यावर ठेवला. "मास्तर, वहिनींना घेऊन समुद्रावर जा. सूर्यास्त चांगला असतो इथला." आणि त्या हातानं यांना ढकललं. हे पायरीवरून मागे, नळाशी पडले. बादली कलंडली, पाणी सांडलं. जयवंत दार लावायला वळला.

रमाकांत उठले ते बादली घेऊनच. पहिला घाव त्यांनी मागून, मानेवर घातला. जयवंत चौकटीला आपटून फिरला आणि त्याच्या हातातला पट्टा गळून पडला. दुसरा घाव तोंडावर बसला. बादलीची कड धारदार नव्हती, पण जड होती. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो गुडघ्यांवर आला. त्यानं दोन्ही हात वर केले, थांब म्हणून सांगताना करतात तसे. यांनी त्या हातांवर मारलं. हात खाली आले तेव्हा पुन्हा तोंडावर मारलं. तो पायरीवर आडवा झाला. कडी निसटून बादली गडगडत गेली, तेव्हा हे त्याच्या छातीवर बसले, त्याचे केस धरले आणि डोकं चिऱ्याच्या पायरीवर आपटायला लागले.

शोभना किंचाळत बाहेर आली. मला वाटलं, ती पळून जाईल. तिनं उघड्या पाठीनिशी यांच्यावर झेप घेतली, यांचे केस ओढले, यांच्या कानाला चावली, "सोडा माझ्या नवऱ्याला" असं म्हणत राहिली. यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी यांचा चेहरा पाहत होते. त्यावर संताप नव्हता. चित्रात छाया भरताना ते जिभेचं टोक दातांत धरायचे आणि आजूबाजूचं सगळं विसरायचे. अगदी तसाच चेहरा होता. घाईसुद्धा नव्हती. जयवंत कधीचा निपचित पडला होता, त्याच्या एका डोळ्याच्या जागी डोळा आहे असं म्हणता येत नव्हतं, चिऱ्याच्या खाचांतून रक्त वाळूत उतरत होतं आणि वाळू ते लगेच पीत होती. हे मारत होते.

आणि मी उभी होते. मी ओरडले नाही, धावले नाही. पहिले काही घाव मला हवे होते. प्रत्येक घावाला मनात 'अजून' म्हणत होते. ते कधी थांबलं आणि भीती कधी सुरू झाली, ते मला नेमकं सांगता येत नाही.

बापू आणि नारळ उतरवायला आलेले दोन गडी धावत आले. तिघांना मिळून यांना बाजूला काढावं लागलं. काढल्यावर ते लगेच शांत झाले. पायरीच्या कडेला बसले, धापा टाकत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, की पाणी दे. नळ माझ्यापासून चार पावलांवर होता. मी गेले नाही. शेवटी एका गड्यानं पाणी दिलं.

जयवंतला जीपमध्ये घालून नेलं. शोभना त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिच्या पाठीवर बापूंच्या बायकोनं चादर टाकली होती. तो जगला. जबडा तीन ठिकाणी मोडला होता आणि डावा डोळा गेला.

पोलीस यायला सूर्य बुडायची वेळ झाली. तोवर बापूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की वहिनी, त्याच्या हातात कोयता होता म्हणा, माझ्या बागेत कोयते पडलेलेच असतात. मी तसंच सांगितलं. कोयता होता, आधी तोच अंगावर आला, यांनी जीव वाचवायला बादली उचलली. फौजदारांनी लिहून घेतलं. इस्पितळात शोभनानं जबाब दिला, की माझ्या नवऱ्यानं मला कधी हात लावलेला नाही, पाठीवर पायऱ्यांवरून पडल्याचे वळ आहेत, आणि हा माणूस विनाकारण येऊन मारायला लागला.

आम्ही दोघी खोटं बोललो. खरं सांगितलं ते रमाकांतांनी एकट्यानं. फौजदारांनी त्यांना माझा जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, की कोयता कुठे होता.

"कोयता नव्हता. पट्टा होता, तोही पहिल्या घावालाच पडला."

"तो पडल्यावर?"

"पडल्यावरही मी मारत होतो."

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग यांना पुन्हा विचारलं, की तुम्हाला कुणी भरीला घातलं होतं का.

"नाही," ते म्हणाले.

अठरा दिवसांनी जामीन झाला. शाळेनं आधीच निलंबनाचं पत्र पाठवलं होतं. जुई अजून आईकडेच होती. घरी आल्यावर त्यांनी आंघोळ केली, थोडा भात खाल्ला आणि मला समोर बसायला सांगितलं.

माझे धाकटे दीर सुधाकर यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणी तापात कान गेला, असं घरात सगळे सांगत आणि मीही दहा वर्षं तेच मानत होते. रमाकांतांनी सांगितलं, की ताप वगैरे काही नव्हतं. हे चौदा वर्षांचे होते, सुधाकर नऊचे. सुधाकरनं यांच्या चित्राच्या वहीवर शाई सांडली. यांनी त्याला मारायला सुरुवात केली आणि आईनं पाण्याची घागर अंगावर ओतेपर्यंत मारत राहिले. कानातून रक्त येत होतं. आई-वडिलांनी ती गोष्ट घरातच मिटवली आणि पुन्हा कधी काढली नाही.

"मारताना मला बरं वाटत होतं," ते म्हणाले. "तेव्हाही आणि परवाही. राग एकदोन फटक्यांत संपतो गं. मग नुसतं बरं वाटतं. म्हणून मी छडी हातात घेत नाही. मुलांना वाटतं, सर मवाळ आहेत. तुलाही वाटायचं."

मी विचारलं, की मग पोलिसांना माझं बोलणं का सांगितलं नाहीत. मी टोचून बोलले नसते तर तुम्ही गेला नसता.

"तू मला जायला सांगितलंस," ते म्हणाले. "मारलं ते मी."

यानंतर आठवडाभरानं जुई घरी आली. त्या सकाळी मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. रमाकांत मागून आले आणि माझ्या डोक्यावरच्या फळीवरचा साखरेचा डबा घ्यायला त्यांनी हात वर केला. मला ते आल्याचं कळलं नव्हतं. हाताची सावली समोरच्या भिंतीवर पडली आणि मी लाटणं टाकून खाली बसले, दोन्ही हातांनी डोकं झाकून.

दहा वर्षांत त्या माणसानं माझ्यावर हात उगारला नव्हता. आजवरही उगारलेला नाही. मी लगेच उठले, म्हटलं, दचकले हो, लक्ष नव्हतं. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, जुईच्या दुधात साखर घालून ते तिला दिलं. पण माझ्या डोळ्यांत त्यांनी जे पाहिलं, ते मी शोभनाच्या डोळ्यांत पाहिलं होतं, आणि त्यांना ते दिसलं हे मला कळलं.

दुसऱ्या दिवसापासून ते स्वयंपाकघरात यायच्या आधी खोकायला लागले. दारात एकदा, छोटंसं. मग आत यायचे, मागून नाही, समोरून.

खटला चार वर्षं चालला. शोभना साक्षीला आली आणि जबाबाला चिकटून राहिली. जयवंत काळा चष्मा लावून शेवटच्या बाकावर बसला होता. कोर्टाच्या व्हरांड्यात ती मला एकटी सापडली तेव्हा मी विचारलं, की असं खोटं का बोललीस. ती म्हणाली, "मला त्याच घरी परत जायचं आहे." मग जरा थांबून तिनं सांगितलं, की त्या दिवसापासून त्यांनी हात उचललेला नाही, घरी नाही आणि बाहेरही नाही, बाहेर आता जातच नाहीत, माणसांत जायची भीती वाटते त्यांना. हे चांगलं झालं असं ती म्हणेल, म्हणून मी वाट पाहिली. ती तसं म्हणाली नाही. वाईट झालं असंही म्हणाली नाही. नवऱ्याला जिना उतरायला हात लागतो म्हणून ती घाईनं परत गेली. पुढे तिचं काय झालं, मला ठाऊक नाही.

रमाकांतांना दोन वर्षांची शिक्षा झाली. मी महिन्यातून एकदा भेटायला जायचे. जाळीपलीकडच्या दारातून ते येताना दिसायच्या आधी मला त्यांचा खोकला ऐकू यायचा. सुटून आल्यावर शाळेनं घेतलं नाही. दुकानांच्या पाट्या रंगवल्या, गणपतीच्या दिवसांत मूर्तींचे डोळे रेखायला कारखान्यात जायचे. जुईचं शिक्षण माझ्या पगारात झालं. त्या दिवशीचं सगळं तिला माहीत आहे. तिच्या लग्नाआधी त्यांनी स्वतःच सांगितलं, होणाऱ्या जावयासमोर.

आता ते बाहत्तर वर्षांचे आहेत. दोघंच असतो. सकाळी मी चहा ठेवते तेव्हा दारात खोकला येतो, मग ते आत येतात, समोरच्या खुर्चीवर बसतात आणि हात टेबलावर, मला दिसतील असे ठेवतात. जुई म्हणते, बाबांना एकदा डॉक्टरांना दाखवा, हा खोकला किती वर्षं चाललाय. आम्ही दोघंही तिला हो म्हणतो.

अठ्ठावीस वर्षं झाली. खोकू नका, असं मी त्यांना अजून एकदाही म्हटलेलं नाही.